एकटीनं डोंगा नेण्याचा परवाना

आमच्या घरात माणसं तीन आणि आवाज दीड, असं शेजारचा कारूकाका म्हणायचा. एक पूर्ण आवाज मायचा, अर्धा बाबांचा, आणि माझ्या वाट्याला काही उरलाच नव्हता. माय केशोरीच्या बाजारात मासळीची टोपली घेऊन बसली की पार दुसऱ्या टोकाच्या बांगडीवाल्याला आमच्या बोटरी माशाचा भाव कळायचा. गोंदियाचा व्यापारी आला तर ती त्याच्याशी हिंदीत भांडायची, छत्तीसगडी बायका आल्या तर त्यांच्या बोलीत, आणि घरी आल्यावर उरलंसुरलं आमच्याशी. बाबा हसून ऐकायचे. बाजारात मी तिच्या पाठीमागे बसून मासे साफ करायची. कुणी माझ्याकडे पाहून काही विचारलं तर मी आणखी एक मासा घ्यायची आणि खाली मान घालून खवले काढायला लागायची.

चौथीनंतर माझी शाळा सुटली. गावातले लोक समजायचे की बाबांनी काढली. मी कधी खरं सांगितलं नाही, आज इथं सांगते. पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती आणि तिथं पहिल्याच दिवशी गुरुजींनी एकेकाला उभं करून नाव-गाव सांगायला लावलं. माझी पाळी येईपर्यंत घंटा झाली. दुसऱ्या दिवशी ते माझ्यापासून सुरू करतील म्हणून मी गेलेच नाही. बाबांनी एकदा विचारलं, मग म्हणाले, डोंग्यात बस. वाचायची सवय मात्र सुटली नाही. मायच्या मिरच्या ज्या कागदात बांधून यायच्या तो कागद मी सरळ करून वाचायची.

आमचं गाव धरणाच्या पाण्याला लागून. धरण झालं तेव्हा खालचं रान पाण्यात गेलं, आणि झाडं कापायची राहिली ती तशीच उभी राहिली, काही पाण्याच्या वर, काही हातभर खाली. वरची दिसतात. खालची ज्याची त्याला माहीत. बाबांना सगळी माहीत होती. डोंग्याच्या, म्हणजे आमच्या लाकडी होडीच्या, पुढच्या टोकाला मला बसवून ते सांगायचे, ही दोन टेकड्यांची टोकं एकावर एक आली की डावीकडं सर, इथं जुना पळस आहे. आता देवळाचा कळस त्या शेवरीच्या मागं लपला की खाली साजाचं मोठं झाड आहे. सकाळी थंडीत वल्ह्याचं पाणी हातावर यायचं आणि कढत वाटायचं. परत आलो की चुलीवर भात झालेला असायचा, झिंग्याची चटणी, कधी मरळीचा रस्सा, नाहीतर अंबाडीची भाजी. माय बाजाराला निघायच्या घाईत वाढायची आणि आम्ही ओल्या कपड्यांनी चुलीकडे पाठ करून जेवायचो. मला त्या आयुष्यात काही कमी वाटत नव्हतं.

मग बाबा आंब्यावरून पडले. लोणच्यासाठी वरच्याच फांदीच्या कैऱ्या पाहिजेत असं कोण म्हणालं होतं, ते मायनं शेवटपर्यंत कबूल केलं नाही. हाड बसवणाऱ्यानं हाड बसवलं, पण उजव्या खांद्यातून हात छातीच्या वर जाईना. जेवता यायचं, विडी ओढता यायची, वल्हं मारता यायचं नाही.

आमच्या मच्छीमारांच्या संस्थेचा एक नियम होता. ज्याचा डोंगा तरंगतो त्याचं पाणी. प्रत्येक घराला जाळी टाकायची आपली जागा, पण पावसाळा संपल्यावर डोंगा काठावर पालथाच राहिला तर ती जागा दुसऱ्या घराला. यात वाईट काही नव्हतं, पाणी पडीक ठेवून कसं चालेल. पण आमची जागा बाबांच्या वडिलांपासूनची होती, आणि घरात डोंगा नेणारं दुसरं कोणी नव्हतं. माय बाजार सोडू शकत नव्हती. मासळी ती विकायची म्हणून तर घर चालायचं. राहिले मी. पुढच्या टोकाला बसणं मला येत होतं, वल्हंही येत होतं. पण कोणी सोबत असताना नेणं वेगळं आणि एकट्यानं नेणं वेगळं. एकट्यानं जायला संस्थेची परवानगी लागायची, आणि त्याच वर्षी मत्स्यखात्याचा नवा नियम आला होता की आधी शिक्षण, मग परीक्षा, मग परवाना.

संस्थेचे म्हातारे फागूआजा आमच्या अंगणात आले. बाबा म्हणाले, पोरगी जाईल. फागूआजांनी मला पाहिलं. मी दाराच्या मागं होते.

"पानी पोरगी-पोरगा नाही पाहत, बाप्पा," ते म्हणाले. "वल्हं मारते, पवते, सारं मले माहीत हाय. पन हाक? हे तर घरात पानी मांगाले बी बोलत नाही. एकटीवर काही आलं तर कोनाले कसं समजनार?"

मायनं चुलीपासूनच सांगितलं, "आवाजाचं मायावर सोडा. माया पोटची हाय, असंन कुठी तरी आतमंदी."

हाकेचं सांगायला पाहिजे. पाण्यावर रोजच्या बोलण्याच्या हाका असतात, जेवायला चल, वारा आला, जाळं फाटलं, अशा. त्यांच्याशिवाय एक बुडती हाक असते. छातीतून वर चढत जाणारी, पुन्हा पुन्हा. ती ऐकली की हातातलं जाळं तिथंच सोडून यायचं, मग देणारा शत्रू का असेना. ती गमतीत कोणी देत नाही. लहान पोरानं दिली तर जो जवळ असेल तो मोठा माणूस त्याला चापट मारतो आणि आईबाप त्याला काही म्हणत नाहीत. मी ती हाक आयुष्यात दोनदाच ऐकली होती, आणि दोन्ही वेळा अंगावर काटा आला होता.

मायची शिकवणी सुरू झाली. तिनं मला बाजारात पुढं बसवलं आणि स्वतः मागं बसली. त्या दिवशी मासळी इतकी कमी विकली गेली की दुपारनंतर तीच पुढं आली. मग बाबांनी आपली रीत काढली. धान कापलेल्या बांधीत मला उभं करायचे, स्वतः चालत दूर जायचे आणि तिकडून विचारायचे, आज भाजी काय आहे. मी सांगायची. ते कानाला हात लावायचे. मी पुन्हा सांगायची. ते चार पावलं जवळ यायचे. शेवटी माझ्या तोंडाशी येऊन म्हणायचे, हो का, वांगी. असं आम्ही कितीतरी संध्याकाळी केलं. बांधीतले बगळे आम्हाला सरावले होते, उडायचेसुद्धा नाहीत.

शिकवायला आणि परीक्षा घ्यायला खात्याचे साहेब आले ते कोकणातले. धरणाच्या विश्रामगृहात उतरले होते. मोबाइल होता त्यांच्याकडे, पण रेंजसाठी टेकडीवर चढावं लागायचं, म्हणून रोज संध्याकाळी ते टेकडीवर उभे दिसायचे. झुबकेदार मिशी, बोलणं गोड. पहिल्याच दिवशी ते आमच्या डोंग्यात उभे राहिले तेव्हा कारूकाका काठावर पैज लावून बसला होता की साहेब पडणार. साहेब पडले नाहीत. थोडे डगमगले, गुडघे वाकवले आणि पलीकडे जाऊन आले. कारूकाकाला दोन दिवस सगळ्यांना विड्या पाजाव्या लागल्या.

ते समुद्राचं सांगायचे. आमच्यातल्या कोणी समुद्र पाहिलेला नव्हता. समुद्रात शिडाची बोट घेऊन एकट्यानं जायचं असेल तर काय काय करावं लागतं, ते त्यांनी तरुणपणी केलं होतं. आधी शिकवणाऱ्यासोबत महिनोन्‌महिने जायचं. वारा, दोर, शीड, रात्रीचे दिवे, नकाशा, होकायंत्र. जखम कशी बांधायची. मग लेखी परीक्षा, मग वायरलेसवर बोलायची वेगळी परीक्षा आणि तिचा वेगळा परवाना. मग किनारा दिसेल इतक्याच अंतरावर एकटं जायचं, आणि हे सगळं झाल्यावर लांब. मी मागच्या रांगेत पोरीबाळींच्या आड बसून ऐकत होते. दिवसच्या दिवस कोणी बोलायला नाही, कोणी काही विचारत नाही, चहूकडे पाणी. लोक म्हणत होते, बापरे, कसं होत असंल. मला वाटत होतं, किती छान.

कारूकाकानं विचारलं, साहेब, तिकडं डुबलेली झाडं असतात काय. साहेब म्हणाले, झाडं नाहीत, खडक असतात. कारूकाका म्हणाला, "खडक तर जागचा हालत नाही. सोपंच हाय मंग."

साहेबांनी लाकडाचा एक ठोकळा आणला होता, साबणाच्या वडीएवढा. तो वायरलेस समजायचा. तोंडाशी धरून चार गोष्टी सांगायच्या: बोट कोणती, कुठं आहे, माणसं किती, काय झालं. बोटीला नाव पाहिजे म्हणून त्यांनी सगळ्यांना आपापल्या डोंग्याचं नाव ठेवायला लावलं. कारूकाकानं सासूबाई ठेवलं, कारण ढकलल्याशिवाय दोघीही हलत नाहीत. मग ठोकळा तोंडाला लावून तो म्हणाला, "हालो, सासूबाईतून कारू बोलून राहिलो. बोरीच्या काठाजवळ हावो. मानूस एक. बिडी इझली, आगपेटी पाठवा." साहेबसुद्धा हसले. मग ठोकळा माझ्याकडे आला. मी तो हातात धरला, फिरवून पाहिला आणि शेजारणीकडे दिला. साहेब एवढंच म्हणाले की परीक्षेच्या दिवशी ठोकळा नसेल, पाण्याच्या मधून काठाला ऐकू येईल असं बोलावं लागेल, आणि ते जमलं नाही तर एकट्यानं जायचा परवाना देता येणार नाही. ते माझ्याकडे पाहत नव्हते, पण सगळ्यांना माहीत होतं कोणासाठी चाललंय.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी जेवताना माय गप्प होती. ते जास्त भीती वाटण्यासारखं होतं.

सकाळी काठावर अर्धं गाव. बाकीचे डोंगे नेहमीसारखे जाळ्यांवर गेलेले, कोणाचं काम कोणासाठी थांबत नाही. परीक्षेत आधी खोल पाण्यात डोंगा पालथा करायचा, पुन्हा उलटवून, पाणी उपसून त्यात चढायचं. ते मी असं केलं की फागूआजा मान डोलवायला लागले. मग वाऱ्यातून पाण्यातल्या झाडांपर्यंत जाऊन, त्यांना वळसा घालून मधोमध यायचं. तेही झालं. मधोमध आले आणि काठावर साहेबांनी लाल फडकं वर केलं. आता बोलायचं.

मी उभी राहिले. सगळं तोंडपाठ होतं. तोंड उघडलं. काठावर एवढे चेहरे, सगळे माझ्याकडे वळलेले, आणि मायनं तोंडाला पदर लावलेला. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. पुन्हा नाही. साहेबांनी फडकं खाली करून पुन्हा वर केलं. मला आठवतं, मी त्या फडक्याकडे पाहत राहिले आणि वल्हं हातात आहे हे विसरले. पश्चिमेचा वारा होता. तोंड उघडून उभ्या असलेल्या माणसाला वारा नेतो, डोंगा तर नेतोच नेतो. टेकड्यांची टोकं एकावर एक आली तेव्हाही मी काठाकडेच पाहत होते. खालून ठक झालं. डोंगा बुडालेल्या पळसावर चढला, एका अंगाला कलला, पाणी आत यायला लागलं, आणि मी बसले ती पडल्यासारखीच बसले.

आणि मग ती निघाली. मी ठरवून दिली नाही, एवढं खरं. पोटातून वर आली, बुडती हाक, आणि मला ती माझी वाटलीच नाही. डोंगरावर जाऊन परत आली तेव्हा मी दचकले.

पुढचं मी अजून डोळे मिटून पाहू शकते. उत्तरेच्या जाळ्यांवरून डोंगे वळले. दक्षिणेच्या खोऱ्यातून वळले. दोन भाऊ बांधाच्या भांडणावरून किती वर्षं बोलत नव्हते, ते एकाच डोंग्यात उड्या टाकून निघाले. काठावरून साहेब पँटसकट पाण्यात. कारूकाका सासूबाई घेऊन सगळ्यांच्या पुढं. आणि बाबा. बाबांनी कोणाचा तरी डोंगा ओढला, एका हातानं वल्हं मारायला लागले आणि काठाजवळच गोल गोल फिरायला लागले. गोल फिरतच ओरडत होते, "थांब इंदे, आलो, आलो."

ते पाहून माझ्या हातापायांत जीव आला. मी डोंग्याच्या मागच्या टोकाला सरकले, वजन तिकडं गेलं, पुढचं टोक उचललं, वल्ह्यानं खोडाला रेटा दिला आणि डोंगा सुटला. पहिले लोक पोहोचले तेव्हा मी बसून पाणी उपसत होते. चहूबाजूंनी डोंगे येऊन माझ्याभोवती थांबले. सगळ्यांना धाप लागलेली. सगळ्यांना दिसत होतं की पोरगी धड आहे, डोंगा धड आहे, आणि आज पोरीची परीक्षा आहे.

फागूआजा आपला डोंगा घेऊन पुढं आले. एवढ्या शांतपणे त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"परीक्षेसाठी देल्ली काय व हाक?"

माझ्या लक्षात आलं. खोटी हाक देणाऱ्याला एकटं सोडत नाहीत. पुन्हा कधीच नाही, कारण पुढच्या वेळी लोक यायला थांबतील. मी मान हलवून नाही म्हटलं. ते वाट पाहत राहिले. मान हलवण्यानं भागणार नव्हतं.

"नाही आजा," मी म्हणाले. "डोंगा आमचाच. मी एकटीच. पयसावर चढला होता, टेकड्या एकावर एक आल्यावर मी सरलीच नाही, तोंडाकडं लक्ष होतं माया. पानी आत येऊन राहिलं होतं. मी भेली, म्हनून देल्ली. मंग सुटला."

फागूआजांनी आपलं वल्हं माझ्या डोंग्याच्या बाजूनं खाली घातलं. थोडं इकडं, थोडं तिकडं. ठक. त्यांनी पुन्हा एकदा ठोकून पाहिलं आणि वल्हं वर काढलं.

"हाय गा," ते सगळ्यांना म्हणाले. "पयस हाय."

पोहत आलेले साहेब दुसऱ्या डोंग्याला धरून होते. ते म्हणाले, डोंगा कोणता, कुठं, माणसं किती, काय झालं, चारही सांगून झालं. आता काय राहिलं? कारूकाका म्हणाला, नाव राहिलं साहेब, हिच्या डोंग्याचं नाव कुठी ठेवलं हिनं. फागूआजा त्याला म्हणाले, तुझी सासू सांभाळ.

बाबांचा डोंगा दोन पोरांनी दोराला बांधून ओढत आणला. त्यांनी मला पाहिलं आणि आधी विचारलं, वल्हं आहे ना, हरवलं नाही ना.

त्या दिवशी सगळ्यांची जाळी अर्धवट राहिली होती. मायनं बाजारात न्यायची सगळी मासळी काठावरच कापायला घेतली. कोणी भात आणला, कोणी मिरच्या कुटल्या, ते दोन भाऊ एकाच चुलीत फुंकत बसले आणि धूर गेला म्हणून डोळे पुसत होते. साहेब लुंगी नेसून जेवले, त्यांची पँट बाभळीवर वाळत होती. ते म्हणाले, आमच्याकडं नारळ घालतात यात. माय म्हणाली, तुमच्याकडं आल्यावर घालू. परवान्याचं कार्ड पुढं किती तरी दिवसांनी आलं, पण फागूआजांनी जेवता जेवताच सांगून टाकलं होतं की पोरगी उद्यापासून जाईल. संस्थेत तेच चालायचं.

आता माझे गुडघे दुखतात आणि डोंगा चुलतबहिणीचा पोरगा नेतो. त्याच्याकडे मोबाइल असतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गळ्यात. बुडती हाक त्यालाही शिकवली आहे. तो म्हणतो, मावशी, रेंज असते आता. मी म्हणते, असू दे.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. बाबांनी चांगल्या हातानं डोंगा ढकलला. पाणी अगदी थांबलेलं होतं, वर धुकं, आणि थोड्याच वेळात काठ दिसेनासा झाला. पुढच्या टोकाला कोणी नाही, मागं कोणी नाही. मला इतकं बरं वाटलं की मी वल्हं आडवं ठेवून नुसती बसले. मग मला कळलं की मी बोलते आहे. आधी जाळ्याशी, मग खुंटावर पंख वाळवत बसलेल्या पाणकावळ्याशी. त्याला मी सगळं सांगितलं. साहेबांची मिशी कशी छान आहे ते. कारूकाका सासूला घाबरतो म्हणूनच तिची थट्टा करतो ते. मायचं सगळं लक्ष बाजारात, म्हणून अंबाडीत रोज मीठ जास्त पडतं आणि मी आणि बाबा गपचूप खातो ते. एवढं मी आधी कधी बोलले नव्हते. जाळी काढून होईपर्यंत आणि परत येईपर्यंत मी बोलतच होते.

धुक्यातून काठ दिसायला लागला तेव्हा मी गप्प झाले. कपडे धुणाऱ्या बाया हात थांबवून बसल्या होत्या. कारूकाका डोंग्याला पाठ लावून उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. बाबा दोर घ्यायला पुढं आले, त्यांचे खांदे, दुखरा धरून दोन्ही, हलत होते. माय कमरेवर हात ठेवून पाण्यात पावलं बुडतील एवढी पुढं आली होती. सकाळच्या शांत पाण्यावरून आवाज कुठवर जातो, हे मला त्या दिवशी कळलं.

"मंग," ती म्हणाली, "मीठ जास्त होते म्हनतेस माया भाजीत?"

मी मासळी टोपलीत भरली आणि टोपली तिच्या डोक्यावर चढवून दिली. पुढच्या दिवशी मी डोंगा पाण्यातल्या झाडांच्याही पलीकडे नेला, आणि मगच तोंड उघडलं.